शनिवारचा मुक्काम, भाताच्या खाचरात

डिसेंबर उजाडला की अंबरनाथ पूर्वेच्या इमारतींमध्ये, जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी एकच विचारणा सुरू होते: यंदा पोपटी कुठे लावायची? तीन-चार मित्र, त्यांच्या बायका, शाळकरी पोरं, कुणाची आई, कुणाचे सासरे असा दहा-पंधरा जणांचा मेळ जमतो. शनिवारी दुपारची कर्जत लोकल धरायची, बदलापूर, वांगणी किंवा नेरळला उतरायचं, ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाचरात तंबू ठोकायचे. संध्याकाळी पोपटीचं, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायचं, मडकं लावायचं, रात्री आकाश बघायचं आणि रविवारी दुपारी जेवायला परत घरी. अंबरनाथहून नेरळ जेमतेम अर्ध्या तासावर. मुंबईच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जमीन, एवढे डोंगर आणि एवढा अंधार शिल्लक आहे, ही आम्हा इकडच्या लोकांची मोठी दौलत आहे असं मला मनापासून वाटतं.

या मुक्कामाची तारीख शाळेच्या सुट्ट्या आणि ऑफिसच्या रजा बघून ठरवल्यासारखी दिसते. पण तिच्यामागे भात आणि वाल ही दोन पिकं असतात. जूनमध्ये आवण, म्हणजे भाताची रोपं, पेरलं जातं, जुलैत लावणी होते आणि पुढचे काही महिने उल्हास नदीच्या खोऱ्यातलं प्रत्येक खाचर पाण्याने भरलेलं असतं. तेव्हा तिथे तंबू तर सोडाच, पाय ठेवायला कोरडी जागा सापडत नाही. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतं, गरवं दिवाळीनंतर. मळणी आटोपली की जमीन रिकामी होते, पण तिच्या पोटात पावसाची ओल टिकून असते. त्या ओलीवरच शेतकरी वाल टाकतात. पुढे पाणी द्यावं लागत नाही. मुळं खोल जातात, रात्रीचं दव पानांना हात देतं आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत साठवतात. त्यामुळे पुढच्या भातालाही या वालाचा उपयोग होतो.

डिसेंबरअखेर वालाच्या शेंगा भरू लागतात. वाल न टाकलेलं शेजारचं खाचर तोवर वाळून कडक झालेलं असतं. सपाट, झाडी नसलेली, चारही बाजूंनी बांध असलेली आणि कोरडी, अशी जागा तंबूसाठी याहून चांगली कोणती? एकच अडचण असते, धसकटांची. कापलेल्या भाताचे टोकदार बुंधे तंबूचा तळ फाडतात. म्हणून जाणकार मंडळी शेतकऱ्याकडे खळ्याची जागा मागतात. मळणीसाठी ती चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत केलेली असते. खुंट्या ठोकताना मात्र जोर लागतो. वरची माती थोडीच, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा खडक. अंबरनाथ पूर्वेचं शिवमंदिर याच काळ्या दगडात उभं आहे. शिलाहारांच्या काळातल्या त्या मंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा आहे. खुंटी वाकली की पोरांना ही गोष्ट सांगायला निमित्त मिळतं.

घरातल्या सगळ्यांनी मिळून रानात जेवायला जाणं आपल्याकडे जुनंच आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायला जाण्याची रीत अजूनही पुष्कळ घरांत पाळली जाते. शाळांची वनभोजनं तर आपण सगळ्यांनी अनुभवली आहेत. तंबू ठोकून मौजेखातर राहण्याची आजची पद्धत मात्र इंग्लंडातून आली. टॉमस हायराम होल्डिंग नावाच्या लंडनच्या शिंप्याने सायकलवर नेता येईल इतका हलका तंबू तयार केला, १९०१ साली तशा हौशी लोकांची संघटना उभारली आणि १९०८ साली कॅम्पिंगवरचं पुस्तक छापलं. मधल्या काळात, १९०७च्या ऑगस्टमध्ये, बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला. त्यातून स्काउट चळवळ जगभर गेली आणि आपल्या शाळांपर्यंत पोहोचली.

आमच्या भागात या दोन्ही परंपरा एकत्र आल्या त्या शेतावर, आणि त्यातलं ठळक नाव नेरळच्या सगुणा बागेचं. अमेरिकेत शिकून परत आलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकात आपली शेती शहरी कुटुंबांसाठी खुली केली. पाहुण्यांनी शेतावर राहायचं, तळ्यात मासे धरायचे, म्हशीवर बसायचं, शेतातलं जेवायचं. कृषी पर्यटन हा शब्द सरकारी कागदांवर रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे त्यांनी भातासाठी सगुणा राइस टेक्निक ही पद्धत पुढे आणली. तिच्यात नांगरणी, चिखलणी, लावणी काही नसतं. कायमच्या गादीवाफ्यांवर भात पेरायचा आणि त्याच वाफ्यांवर नंतर वालासारखं कडधान्य घ्यायचं. महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण २०२० साली आणलं आणि आता शेतकऱ्याला आपलं केंद्र पर्यटन विभागाकडे नोंदवता येतं. ज्यांची कुणा शेतकऱ्याशी ओळख नाही अशा कुटुंबांनी नोंदणी असलेल्या केंद्रावर जावं हे उत्तम. संडास असतो, पाणी असतं, रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी असते. आजी-आजोबा बरोबर असले की या तीन गोष्टींपुढे बाकी सगळी मौज दुय्यम ठरते.

जागेबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बारवी धरणाच्या आसपासची आणि माथेरानच्या रांगेतली बरीचशी जमीन राखीव वनाची आहे. तिथे परवानगीशिवाय आग पेटवणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. तेव्हा मुक्काम मालकीच्या शेतात करावा आणि मालकाला विचारून.

पावसाळ्यात तंबू का नको, याचं आणखी एक उत्तर उल्हास नदीपाशी आहे. ती राजमाचीच्या दरीत उगम पावते. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला, जो प्रचंड पाऊस कोसळतो त्यातला मोठा वाटा कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या वाटेने खाली येतो. म्हणजे आपल्या डोक्यावर नुसती भुरभुर असली तरी नदी तासाभरात फुगू शकते. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी तासन् तास डब्यात बसून होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी बोटींतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. रुळांचा भराव शेतांपेक्षा कितीतरी उंच असतो. तिथे पाणी चढलं तर खालच्या खाचराचं काय झालं असेल ते समजून घ्यावं. कोंडेश्वरच्या धबधब्यावर आणि बारवीच्या काठावर दर पावसाळ्यात तरुण बुडाल्याच्या बातम्या येतात, प्रशासन मनाई करतं आणि तरी लोक जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

हिवाळ्यातही नदीकाठची वाळू टाळावी. उल्हास उन्हाळ्यात आटत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे भिवपुरीचं टाटांचं जलविद्युत केंद्र. ते १९२२ सालापासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या धरणाचं पाणी वीज करून खाली सोडलं जातं आणि ते उल्हासला मिळतं. विजेची मागणी वाढली की नदीत पाणी वाढतं. आकाश निरभ्र असतानाही काठ ओला होऊ शकतो तो यामुळे.

आता पोपटी. या एका पदार्थासाठी अलिबाग, पेण, पनवेल, कर्जतपासून बदलापूरपर्यंतची माणसं थंडीची वाट बघतात, आणि तिच्यात पुष्कळ भौतिकशास्त्र आहे.

सामान साधं: एक मातीचं मडकं, ताज्या गावठी वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा भरपूर पाला. भांबुर्डा हे ब्लुमिया प्रजातीतलं तण. भात कापल्यावर रिकाम्या शेतात आणि बांधावर ते आपोआप उगवतं. पान चुरगळलं की कापरासारखा उग्र वास येतो. शेंगा, पाला आणि जाळायला पेंढा, तिन्ही त्याच शेतात त्याच महिन्यात मिळतात. पोपटी कोणी ठरवून शोधली असेल असं मला वाटत नाही. शेतात जे हाताशी होतं ते कुणीतरी एकत्र आणलं असणार. शाकाहारी मंडळींसाठी वेगळं मडकं लावतात आणि त्याची चव तितकीच सुरेख लागते.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा जाड थर घालतात. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मग बटाटे, अंडी, कोंबडीची पुरचुंडी, परत शेंगा, असं गच्च भरत जातात. तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवतात. पाण्याचा एक थेंबही घालत नाहीत. मग मडकं जमिनीवर उपडं ठेवतात आणि चारी बाजूंनी काटक्या, पातेरा, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवतात.

उपडं का? ताज्या शेंगांमध्ये वजनाच्या निम्म्याहून बरंच जास्त पाणी असतं. मडकं तापलं की त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर जाते. मडकं सरळ ठेवलं तर ती पाल्यातून वाट काढून निघून जाईल. उपडं ठेवलं की वर मडक्याचा बंद तळ येतो, वाफ तिथे कोंडते आणि बाहेर पडायचं तर तिला खाली उतरावं लागतं, जिथे दाबून बसवलेला पाला आणि जमीन तिला अडवते. आतलं सगळं जिन्नस स्वतःच्याच वाफेत शिजतं. बाहेर आगीचं तापमान कित्येकशे अंश असतं, पण आत ओल शिल्लक आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. माती उष्णता हळू वाहून नेते. म्हणून आच एका बाजूला जास्त लागली तरी आत ती पसरून पोहोचते. मडक्याला चिकटून असलेला पाला स्वतः करपतो आणि शेंगांना वाचवतो. त्याच्यातली सुगंधी तेलं वाफेबरोबर शेंगांत उतरतात, आणि घरच्या कुकरमध्ये पोपटी करून बघणाऱ्यांना जी चव सापडत नाही ती हीच.

साधारण अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारून बघतात. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की पोपटी झाली. इथे घाई करू नये, खास करून जून शेंगा असतील तर. वालाच्या दाण्यात कच्चेपणी सायनाइड सुटू शकेल अशी संयुगं असतात. नीट शिजल्यावर त्यांचा त्रास राहत नाही. अर्धवट शिजलेला वाल पोटाला बाधतो असं आजी सांगते त्याला हा आधार आहे.

ही युक्ती एकट्या कोकणाची नाही. दक्षिण गुजरातेत, वलसाडच्या परिसरात, हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला उंबाडियूं मिळतं. तेही वालाच्या शेंगा आणि कंद पाल्यासकट मडक्यात भरून, मडकं उपडं करून भाजलेलं. न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा खणून, तापवलेल्या दगडांवर मांस आणि रताळी ठेवून वर माती लोटतात. त्याला ते हांगी म्हणतात. घाटावर याच दिवसांत हुरडा असतो, ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजलेला. आगटी म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा उथळ खड्डा. पीक भरत आलं आहे, पण अजून पुरतं वाळलेलं नाही, असे जे थोडे दिवस असतात ते शेतात बसून खाण्याचे. हे घाटावरही तसंच आणि खालीही तसंच.

आगीची काळजी मोठ्या माणसाने घ्यायची. जानेवारीत गवत वाळून ठणठणीत झालेलं असतं आणि एक ठिणगी डोंगरावर वणवा लावू शकते. पोपटीच्या जागेभोवती आठ-दहा फूट जमीन साफ करावी, पेंढ्याची गंजी आणि तंबू लांब असावेत, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. काडेपेटी ओढताना अंबरनाथकरांना विम्को आठवते. स्वीडिश कंपनीने १९२३ साली स्थापन केलेल्या या कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला होता आणि पश्चिमेचा विम्को नाका अजून त्याच नावाने ओळखला जातो.

जेवणं झाली की थंडी जाणवू लागते, आणि ती बोरिवली-दादरच्या पाहुण्यांना नेहमी चकित करते. थंडीच्या दिवसांत बदलापूरचं पहाटेचं तापमान मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी सहज खाली असतं. समुद्र रात्री सावकाश निवतो, म्हणून त्याच्या काठची हवा उबदार राहते. इथे तो आधार नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन दिवसभराची उष्णता झपाट्याने वर सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते आणि ती माथेरान-चंदेरीच्या उतारांवरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साठते. त्यामुळे अगदी खोलगट खाचरापेक्षा दहा-पंधरा फूट वरचं टेपाड पहाटे चांगलंच सुसह्य असतं. तंबू तिथे लावावा.

पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना पटत नाही. अंगाखालची थंड जमीन शरीरातली ऊब सतत ओढून घेते. अंगाखाली दबलेली गोधडी पातळ होते आणि तिच्यातली हवा निघून जाते. शेतकऱ्याला विचारून तंबूच्या तळाखाली वीतभर पेंढा पसरला की त्यातली कोंडलेली हवा हा प्रवाह अडवते. पेंढा हे गुरांचं खाद्य आहे, तेव्हा त्याचे पैसे द्यावेत. तंबूच्या खिडक्या सगळ्या लावून घेऊ नयेत. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून साधारण पेलाभर पाणी बाहेर टाकतो. ते तंबूच्या गार कापडावर जमतं आणि पहाटे तोंडावर टपकतं. थोडा वारा खेळता ठेवला की हे थांबतं. आणि कितीही थंडी वाजली तरी निखाऱ्याची शेगडी तंबूत न्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

सापांविषयी बायका आधी विचारतात आणि पुरुष आव आणून टाळतात. विचारणाऱ्या बरोबर असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. थंडीत सापांची हालचाल कमी होते, पण घोणशीचा मीलनकाळ याच दिवसांत असतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिच्या दंशाची वेदनाही अनेकदा जाणवत नाही. उघड्यावर चटई टाकून झोपण्यापेक्षा चेन बंद होणारा तंबू बरा, तो यासाठी. रात्री लघवीला जाताना बूट आणि टॉर्च. दंश झालाच तर पट्टी आवळणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नये. अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावं, तिथे प्रतिविष मिळतं.

विंचवाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात कोकणाने जगाला काही दिलं आहे. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात मुलं दगावत. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर उपयोगी पडतं हे दाखवून दिलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पोरांना मात्र विंचवाची दुसरीच गंमत आवडते: नोटा तपासायचा अतिनील टॉर्च दगडी बांधावर फिरवला तर विंचू हिरवट-निळा चमकतो. त्याच्या कवचातली काही द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून दिसणाऱ्या रंगात परत सोडतात. लांबून बघायचं, हात लावायचा नाही आणि सकाळी बूट झटकून घालायचे.

रात्री दहानंतरचा खेळ आकाशाचा. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षं रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला घेतले. लोकल पोहोचते आणि तरी अंधार आहे, अशी ती जागा होती. आता पश्चिमेचं क्षितिज कल्याण-मुंबईच्या उजेडाने फिकट झालं आहे, पण पूर्वेला आणि डोक्यावर अजून पुष्कळ दिसतं. अमावस्येजवळचा शनिवार निवडावा. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावावा. अंधारात डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड ती मेहनत एका क्षणात वाया घालवतो. मंद लाल उजेडाला डोळ्यातल्या अंधारात काम करणाऱ्या पेशी फारशा बधत नाहीत.

सुरुवात मृगापासून करावी. चौकोनात अडकलेले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. त्या तिघांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. व्याधाचा प्रकाश आपल्याकडे यायला साधारण साडेआठ वर्षं लागतात. तिसरी-चौथीतल्या मुलाला सांगावं, तू जन्मलास तेव्हा निघालेला उजेड आत्ता तुझ्या डोळ्यात शिरतो आहे. रोहिणीचा उजेड निघून ६५ वर्षं झाली, तो आजीच्या बालपणीचा. मग आजीही उठून बाहेर येते.

उत्तरेला ध्रुव शोधायला अंश मोजावेत. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची होते. जिथे उभे आहोत तिथले अक्षांश तेवढीच ध्रुवाची उंची. अंबरनाथ-बदलापूर १९ अंशांवर, म्हणून क्षितिजावर जेमतेम दोन मुठी रचल्या की ध्रुव. हाच तारा काश्मीरमध्ये साडेतीन मुठींवर असतो. दक्षिणेला जानेवारीअखेरीस दहा-साडेदहाला अगस्त्य असाच दोन मुठींच्या आत असतो, आणि तो लंडनहून कधीच दिसत नाही. पृथ्वी गोल असल्याचा इतका सोपा पुरावा मुलांना पुस्तकात मिळायचा नाही. डिसेंबरचा मुक्काम १३-१४ तारखेच्या आसपास पडला तर मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा लाभ होतो. त्याचा जनक फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. तो १९८३ साली सापडला.

सकाळी आवरताना दोन कामं निगुतीने करावीत. पोपटीच्या जागेवर पाणी ओतून, काठीने उकरून पुन्हा पाणी ओतावं, वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा तासन् तास जिवंत राहतो. राख शेतात पसरायला शेतकऱ्याची हरकत नसते, तिच्यात पालाश असतं. कोंबडीची हाडं मात्र उघड्यावर टाकू नयेत. त्यांच्या वासाने कुत्री गोळा होतात आणि बारवी-माथेरानच्या डोंगरातल्या बिबट्या कुत्र्यांच्या मागावर येतो. आपण निघून जातो, त्रास गावाला होतो. प्लास्टिक, बाटल्या, फॉइल सगळं पिशवीत भरून अंबरनाथला परत. निघताना शेतकऱ्याकडून वालाच्या शेंगा विकत घ्याव्यात, बाजारभावाने, घासाघीस न करता.

महाशिवरात्रीला शिवमंदिराची जत्रा भरते तोवर शेंगा वाळू लागलेल्या असतात, भांबुर्डा सुकतो आणि शेतकरी पुढच्या आवणासाठी राब, म्हणजे रोपांची जमीन, भाजायच्या तयारीला लागतो. पोपटीचा हंगाम तिथे संपतो. वर्षातला दुसरा, फार छोटा हंगाम मेअखेरीस येतो, काजव्यांचा. उल्हासच्या उगमाकडे, राजमाचीला, आणि पलीकडे भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं एका तालात लुकलुकतात. काजव्याची अळी बराच काळ मातीत गोगलगायी खाऊन वाढते आणि पंख फुटलेला काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्या अवधीत नराने उजेडाची खूण करायची आणि मादीने ती ओळखून उत्तर द्यायचं, एवढंच काम असतं. मोबाइलचा टॉर्च, गाडीचे दिवे, शेकोटी यांपैकी काहीही जवळ असलं की ती खूण पोहोचत नाही. तेव्हा या मुक्कामाला मडकं आणि काडेपेटी घरी ठेवावी, जेवण डब्यातलं असावं, दिवे मालवून लांबून बघावं आणि शनिवार निवडताना पहिल्या जोरदार पावसाच्या आधीचा निवडावा.